थर्मोस्टॅट काढून आणि बोअरचं पाणी भरून टर्बो गाडी थंड राहत नाही

ऊन तापायला लागलं की वऱ्हाडातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मेसेज हमखास फिरतो: “रिमॅप केलेली टर्बो गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून फेका, कूलंटऐवजी साधं पाणी भरा, मोठा इंटरकूलर लावा. काटा मध्यावर आहे तोवर चिंता नाही.” (रिमॅप म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, काटा म्हणजे डॅशबोर्डवरचा तापमानाचा.) हे ऐकून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं डोकं यांमधली सील, घालवू नका.

आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरचा रस्ता उघडणारी झडप. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. बऱ्याच इंजिनांत त्याला मागे दुसरी चकती असते. झडप उघडली की ती चकती बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनात परतणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे वळतं. थर्मोस्टॅटच काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता परत इंजिनात शिरतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात, कमी वेगात पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या हवेच्या दाबावर) चढताना, गाडी उलट जास्त तापते. हिवाळ्यात मात्र तेच इंजिन धड गरम होत नाही, इंधन जास्त खातं. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवा, सोबत थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे, उकळी येईपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. नाहीतर त्याच अंशांचा नवा टाका.

पाण्याबद्दलचा दावा अर्धा खरा आहे. नुसतं पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहतं. पण ते लवकर उकळतं आणि गंजापासून काहीच वाचवत नाही. त्यात आपलं पाणी! पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या बऱ्याच गावांत, बोअरचं पाणी खारं आहे. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, क्लोराइड अ‍ॅल्युमिनियम खातं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे ४० टक्के कूलंट आणि ६० टक्के डिस्टिल्ड वॉटर पुरतं. मात्र कॅनवर ‘रेडी टू यूज’ लिहिलं असेल तर त्यात पाणी घालू नका. भरल्यावर गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हीटर पूर्ण गरमवर करा, एअर ब्लीडचा स्क्रू असेल तर हवा काढा आणि पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा. थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा. आत हवा राहिली तर नवं कूलंटही वाचवत नाही. झाकणाची स्प्रिंग ढिली असेल तर झाकण बदला. दाब टिकला नाही की उकळबिंदू खाली येतो.

मोठा इंटरकूलर टर्बोची हवा थंड करतो, पण रेडिएटरसमोर लावला तर त्याचाच वारा अडवतो. लावायचाच असेल तर कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बंद करा, म्हणजे हवा बाजूने न निसटता जाळीतूनच जाईल. त्याआधी एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा. मळणीच्या दिवसांत तिथे सोयाबीनचं कुटार आणि कापसाचे तंतू गोधडीसारखे बसतात, समोरून काही दिसत नाही. साध्या नळाच्या धारेने इंजिनाच्या बाजूकडून बाहेर धुवा. प्रेशर गनने पत्र्या वाकतात.

काट्यावर तर मुळीच विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या टप्प्यात मध्यावरच थांबेल असा बसवलेला असतो; हलतो तोवर उशीर झालेला असतो. ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये बसणारं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर कूलंटचे खरे अंश बघा.

मेसेजमध्ये नाही ती गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कूलंट ९५ अंश आणि हवा २५ असेल तर फरक ७०चा; मे महिन्यात हवा ४५ झाली की ५०चा. उष्णता या फरकाच्या प्रमाणात बाहेर जाते, म्हणजे तोच रेडिएटर साधारण ३० टक्के कमी उष्णता बाहेर टाकतो आणि रिमॅप मात्र इंधन वाढवून जास्त उष्णता तयार करतो. डिसेंबरात नीट चाललेला मॅप मे महिन्यात समृद्धीवर ताशी १२०ने अंगलट येतो. ट्यूनरकडून (रिमॅप करणाऱ्याकडून) उन्हाळ्यापुरता कमी बूस्टचा मॅप करून घ्या.

डोंगलवर ११० अंश दिसले की एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू, पाय हलका. ११५ला सावलीत थांबा. पंखा फिरत असेल आणि आकडा उतरत असेल तर टर्बोसाठी दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करा. आकडा चढतच असेल किंवा कूलंट गळत असेल तर लगेच बंद. झाकणाला किमान पाऊण तास हात लावू नका.