‘हिंदू रेट ऑफ ग्रोथ’ आणि इंग्रजांच्या नावावर खपवलेली थाप

भाचा एमपीएससीची तयारी करतोय. परवा त्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, अर्थव्यवस्थेच्या नोट्समध्ये घालू का? क्लासच्या ग्रुपवर आलंय.’ एरवी असलं काही आलं की मी अंगठा दाखवून मोकळा होतो. पण हा पोरगा उद्या ते पेपरात लिहून येईल, म्हणून एकदाचं उत्तर देऊन टाकतो.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. इंग्रजीत ‘हिंदू रेट ऑफ ग्रोथ’ (वाढीचा हिंदू दर) असा शब्द आहे, 1950 ते 1980 या काळात आपली अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपासच वाढली, त्या मंद वेगासाठी. तो इंग्रज अर्थतज्ज्ञांनी दिला, कारण त्यांनी आपल्याला बरोबर ओळखलं होतं: हिंदू माणूस नशिबावर हवाला ठेवणारा, आहे त्यात समाधान मानणारा. इंग्रज होते तोवर देश झपाट्याने वाढत होता, ते गेले आणि दर साडेतीन टक्क्यांवर आदळला. 1991 पर्यंत काडीची प्रगती झाली नाही. मग अर्थव्यवस्थेची दारं उघडली आणि रातोरात दर दुप्पट! शेवटी तात्पर्य: ‘इंग्रज उगाच शब्द वापरत नाहीत.’

आधी नावाचं बघू, कारण ते चटकन निकालात निघतं. हा शब्दप्रयोग रूढ केला राज कृष्ण यांनी. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक, जनता पक्षाच्या राजवटीत योजना आयोगाचे सदस्य. काळ 1970 च्या दशकाच्या अखेरचा, म्हणजे इंग्रज जाऊन तीस वर्षं झाल्यावरचा. बोलण्याचा सूर उपरोधाचा. युद्ध होवो, दुष्काळ पडो, सरकार बदलो, सरासरी काढली की गाडी पुन्हा साडेतीन टक्क्यांवरच, याचा तो वैताग होता. रोख सरकारी नियंत्रणांवर होता, देवघरावर नव्हे. नाव वाईट निवडलं, असं माझं मत आहे. पुढे कोण ते कशासाठी वापरेल याचा विचार विद्वानांनी करायला हवा होता. पण ते पाप इंग्रजांच्या माथी मारू नका. त्यांची स्वतःची पुरेशी आहेत.

आता नशिबाचा मुद्दा. माझं डोकं फिरलं ते इथे.

ज्या राज कृष्णांच्या शब्दाला धरून हे चाललंय, त्यांचं नाव मुळात कशामुळे झालं? 1963 साली ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये त्यांचा एक निबंध आला, विषय पंजाबातली शेती. फाळणीआधीच्या पंजाबची आकडेवारी घेऊन त्यांनी तपासलं की पिकाचा भाव बदलला की शेतकरी पेरा बदलतो का. त्या काळी बड्या बड्या परदेशी पंडितांचा समज होता की हिंदुस्थानी शेतकरी रूढीने बांधलेला; बापाने पेरलं तेच पेरणार, भाव काहीही असो. आकड्यांनी उलटं दाखवलं. इतर पिकांच्या तुलनेत कापसाचा भाव चढला की पुढे कापसाखालचं क्षेत्र वाढायचं, भाव उतरला की आटायचं. म्हणजे हा शेतकरी इतर कुठल्याही देशातल्या शेतकऱ्यासारखाच हिशेबी. ‘हिंदू दर’ म्हणणाऱ्या माणसानेच ‘नशिबावर बसलेला शेतकरी’ ही कल्पना पंधरा वर्षं आधी मोडीत काढली होती. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे ठाऊक असण्याची अपेक्षाच नाही.

आणि त्याला पंजाब तरी कशाला हवा? एका वर्षी लासलगावला कांद्याने भाव खाल्ला की पुढच्या हंगामात रोपं मिळेनाशी होतात. हे नशिबावर हवाला ठेवणाऱ्याचं लक्षण आहे का? 1950 साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर शेतकऱ्यांनी शेअरचे पैसे गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला. पाठीशी धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ. ही माणसं बहुतेक हिंदूच होती.

धर्मावरून दर ठरतो म्हणता? मग मॉरिशस बघा. तिथे जवळपास निम्मे लोक हिंदू, त्यात पिढ्यान् पिढ्यांपासून स्थायिक झालेले मराठीही. 1961 च्या सुमारास जेम्स मीड या इंग्रज अर्थतज्ज्ञाने, ज्यांना पुढे नोबेल मिळालं, या बेटाच्या भवितव्याबद्दल फारच निराशेचा सूर लावला होता. 1968 ला देश स्वतंत्र झाला आणि 1970 नंतरची काही दशकं सरासरी पाच टक्क्यांच्या वर वाढला. तिथले हिंदू कुठल्या वेगळ्या प्रारब्धाचे? शेजारी पाकिस्तानचंही बघा. आयुब खानांच्या काळात, 1960 च्या दशकात, त्यांचा दर सहाच्या वर होता, आपल्यापेक्षा बराच जास्त. आज आपण पुढे आहोत. मधल्या काळात दोन्हीकडच्या लोकांनी धर्म बदलले नाहीत, बदलली ती धोरणं.

‘इंग्रजांच्या काळात झपाट्याने वाढ’ हा मुद्दा तर निव्वळ कोडगेपणा. एस. शिवसुब्रमणियन यांनी विसाव्या शतकातल्या भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा अख्खा हिशेब वर्षवार मांडून ठेवलाय. त्यात 1900 ते 1947 या काळातली वाढ वर्षाला साधारण एक टक्का येते. लोकसंख्या वजा केली तर माणशी वाढ जवळजवळ शून्य. एक टक्क्याने उत्पन्न दुप्पट व्हायला सत्तर वर्षं लागतात, साडेतीनने वीस. हा ‘आदळला’ म्हणायचा प्रकार आहे का? 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला रेल्वे गेली हे खरंच, कोण नाकारतंय? पण रुळांचे मैल मोजून माणसाच्या ताटात काय पडलं ते कळत नाही. ते बघायचं तर 1943 चा बंगालचा दुष्काळ बघा. स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान होतं बत्तीस वर्षांच्या आसपास. 1951 च्या जनगणनेत साक्षरता 18 टक्के, 1981 ला 43 च्या वर. म्हणे काडीची प्रगती झाली नाही!

बरं, खरं आहे तेवढं कबूल करतो, जिवावर आलं तरी. साडेतीन टक्के कमीच होते. लोकसंख्या सव्वादोन टक्क्यांच्या आसपास वाढत होती, म्हणजे माणशी हातात उरायचा सव्वा टक्का. त्याच काळात दक्षिण कोरिया आणि तैवान कुठल्या कुठे गेले. परवान्यांच्या जंजाळात उद्योग अडकले, स्कूटरला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबले, फोनचं तर विचारूच नका. पण हा सगळा काळ एकसारखा मंद होता असंही नाही. 1965 आणि 1966 च्या लागोपाठ दुष्काळांत शेती कोलमडली, 1967-68 ला पाऊस बरा होताच दर आठच्या घरात गेला, 1979-80 ला उत्पन्न पाच टक्क्यांहून जास्त घटलं. हे आकडे मान्सूनचा आणि तेलाच्या भावाचा पत्ता सांगतात, पंचांगाचा नव्हे.

1991 चं ‘रातोरात दुप्पट’ म्हणजे शुद्ध फेकाफेक. दराने साडेतीनचा उंबरठा ओलांडला तो 1980 च्या दशकातच. त्या दहा वर्षांची सरासरी साडेपाचच्या आसपास येते. त्यातली बरीच वाढ उधारीवरची होती, म्हणूनच 1991 ला सोनं गहाण टाकायची पाळी आली, हेही खरं. आणि ज्या वर्षी मनमोहन सिंगांनी तो गाजलेला अर्थसंकल्प मांडला, त्या 1991-92 ला दर दीड टक्क्याच्याही खाली होता. सुधारणांची फळं आली ती नंतर, हळूहळू.

राहता राहिलं ते तात्पर्य, इंग्रज उगाच शब्द वापरत नाहीत म्हणे. 1950 ते 1980 या तीस वर्षांत खुद्द ब्रिटनची वाढ सरासरी अडीच-पावणेतीन टक्के होती. लोकसंख्या फारशी वाढत नसल्याने माणशी ते आपल्या पुढे राहिले, पण 1976 ला त्यांनाही कर्जासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात जावं लागलंच. त्यांचेच पेपर त्याला फार तर ‘ब्रिटिश आजार’ म्हणाले. इंग्लंडच्या चर्चच्या पंथावरून ‘अँग्लिकन रेट ऑफ ग्रोथ’ असं नाव कुणाला सुचलं नाही. 1990 नंतर जपान थंडावला तेव्हा इंग्रजीत त्याला ‘हरवलेलं दशक’ म्हटलं गेलं. तिथे दशक हरवलं, बुद्धाला कुणी जबाबदार धरलं नाही.