हाताला बॉल लागला म्हणजे 'हँड' होतोच असं नाही

आमच्या नायगावच्या फुटबॉलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच फॉरवर्ड परत आलाय. २०२४च्या युरोमधल्या (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेतल्या) स्पेन-जर्मनी मॅचचा फोटो, स्पेनचा डिफेंडर कुकुरेया याच्या हाताभोवती लाल गोल आणि खाली मजकूर: "बॉल हाताला लागला की हँड, गल्लीतल्या पोरालाही कळतं. व्हीएआर असून पेनल्टी नाही, म्हणजे सेटिंग! मॅराडोना, सुआरेझ सगळे असेच हाताने जिंकले." (व्हीएआर म्हणजे व्हिडिओ बघून मैदानावरच्या रेफरीला मदत करणारा रेफरी.) आतापर्यंत तिघांनी टाकला, त्यात एक माझा सख्खा चुलतभाऊ. म्हणून हा खटाटोप.

आधी गल्ली. गल्लीत तो नियम चालतो, कारण तिथे रेफरी नसतो. जो जास्त ओरडतो त्याचा हँड. खऱ्या नियमात नुसतं लागणं हा गुन्हाच नाही. मुद्दाम हात बॉलकडे नेला तर फाउल. किंवा हात अशा जागी होता की त्या हालचालीला त्याची गरज नव्हती आणि अंग उगाच रुंद झालं, तरीही फाउल. दादरला सुटलेली लोकल पकडायला हात अंगाला चिकटवून धावून दाखवा. नाही जमणार. डिफेंडरचंही तेच आहे, आणि किती हात 'साहजिक' हे रेफरीनेच ठरवायचं. (खांदा तर हात धरतच नाहीत, काखेच्या खालच्या रेषेपासून हात सुरू होतो. यावरून आमच्याकडे भर पावसात अर्धा तास खेळ थांबलाय.) स्वतःच्या हाताला लागून गोल झाला तर मात्र चुकूनही माफी नाही, गोल रद्द.

आता सेटिंग. २९ जूनला डॉर्टमुंडमध्ये डेन्मार्कच्या अँडरसनच्या बोटांना जर्मनीच्या राउमचा क्रॉस (बाजूने गोलसमोर मारलेला बॉल) जेमतेम चाटून गेला. बॉलमधल्या चिपने स्पर्श दाखवला, पेनल्टी मिळाली, हावेर्ट्झने गोल केला. फायदा कोणाचा? जर्मनीचा. सहाच दिवसांनी, ५ जुलैला, श्टुटगार्टमध्ये स्पेनविरुद्ध जर्मनीच्या मुसियालाचा फटका कुकुरेयाच्या हाताला लागला आणि काहीच मिळालं नाही. पहिल्या मॅचचा रेफरी मायकल ऑलिव्हर, दुसऱ्याचा अँथनी टेलर, दोघेही इंग्लंडचे. जर्मनीला स्पर्धेतून काढायचंच होतं तर आधी हातात पेनल्टी कशाला ठेवली?

टेलरचा निर्णय बरोबर होता का? मला तेव्हाही पटला नव्हता. फटका गोलकडे निघाला होता आणि हात अंगापासून सुटा होता. पुढे युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या) रेफरी समितीनेही पेनल्टी द्यायला हवी होती असंच म्हटलं. म्हणजे चूक झाली, हे मान्य. पण चुकला म्हणून लगेच विकला गेला? मग आपल्या मॅचना शिट्टी मारणारे काका एव्हाना करोडपती व्हायला हवे होते.

"व्हीएआर असून" हेही अर्धवट. व्हीएआर मधे पडतो तो ढळढळीत चुकीसाठी. बॉल लागला का, हे चिप सांगते. हात तिथे का होता, हे सांगत नाही. आणि थांबवलेल्या फोटोत हात पुढे येत होता की मागे जात होता, हे कसं दिसणार?

मॅराडोनाचं खरं आहे. १९८६च्या वर्ल्डकपमध्ये मेक्सिकोतल्या अझ्तेका स्टेडियममध्ये त्याने हाताने गोल केला आणि रेफरी बिन नासर फसला. पण तेव्हा रेफरीला रिप्ले बघायची सोयच नव्हती. २०२४च्या युरोत ओपेंडाच्या हाताला लागलं म्हणून बेल्जियमच्या लुकाकूचा स्लोव्हाकियाविरुद्धचा गोल व्हीएआरने पुसला गेला, हे फॉरवर्डवाले सोयीस्कर विसरतात.

सुआरेझचं उदाहरण तर उलटंच आहे. २०१०च्या वर्ल्डकपमध्ये जोहान्सबर्गला जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी उरुग्वेच्या या खेळाडूने घानाचा हेडर गोललाइनवर हाताने अडवला. रेफरीने लाल कार्ड दिलं, पेनल्टीही दिली. नियमात होतं तेवढं सगळं झालं. घानाच्या ग्यानने ती पेनल्टी बारवर मारली, त्यात रेफरीने काय करायचं?