वॉशिंग्टनना काँग्रेसनं अडवलं नाही? पहिल्याच वर्षी अडवलं!

सध्या फिरणारा दावा असा: अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन एकमतानं निवडून आले, तेव्हा पक्ष नव्हते, म्हणून काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, त्यांना कधी अडवलं नाही. सिनेट, म्हणजे काँग्रेसचं वरचं सभागृह, तर सल्लागार मंडळासारखी पाठीशी होती. आठ वर्षांत त्यांनी व्हेटो, म्हणजे काँग्रेसनं मंजूर केलेलं विधेयक नाकारण्याचा अधिकार, फक्त दोनदा वापरला. भांडणं पुढच्या पक्षबाजीनं आणली.

एकमतानं निवडून आले हे खरं. बाकीचं तपासू.

‘कधी अडवलं नाही.’ ऑगस्ट 1789, शपथ घेऊन चार महिनेही झालेले नव्हते. सॅव्हाना बंदरावरच्या पदासाठी त्यांनी सुचवलेलं बेंजामिन फिशबर्न यांचं नाव सिनेटनं फेटाळलं. वॉशिंग्टननी नाराजी लेखी कळवली, पण नाव बदलावंच लागलं.

‘सिनेट पाठीशी होती.’ त्याच महिन्याच्या 22 तारखेला ते युद्धमंत्री नॉक्स यांना घेऊन स्वतः न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या दालनात गेले. दक्षिणेकडच्या क्रीक वगैरे मूळ रहिवासी जमातींशी करायच्या तहांबाबत सल्ला हवा होता. उपराष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स मसुदा वाचू लागले, तर रस्त्यावरच्या घोडागाड्यांच्या खडखडाटात धड ऐकूच येईना. मग कुणी कागदपत्रं मागितली, कुणी प्रकरण समितीकडे द्या म्हणालं. वॉशिंग्टन भडकले. यानं माझ्या येण्याचा हेतूच फसतो, असं ते म्हणाल्याची नोंद सिनेटर मॅक्ले यांच्या रोजनिशीत आहे. (मॅक्ले काही त्यांचे भक्त नव्हते, हेही लक्षात असू द्या.) सोमवारी ते परत आले, काम उरकलं, पण असा सल्ला मागायला पुन्हा कधीच गेले नाहीत. आधी वाटाघाटी, मग सिनेटची संमती, ही रीत तिथून पडत गेली.

‘आठ वर्षांत व्हेटो फक्त दोन, म्हणजे सलोखाच.’ हा हिशेब फारच घाईचा. खरी झुंज व्हेटोवर नव्हे, कागदपत्रं आणि पैसा यांवर झाली. जॉन जे यांनी वाटाघाटी करून ब्रिटनशी केलेला तह सिनेटनं 1795मध्ये 20 विरुद्ध 10 मतांनी, म्हणजे तहासाठी लागणाऱ्या नेमक्या दोन तृतीयांशांनी मान्य केला. मार्च 1796मध्ये प्रतिनिधीगृहानं (काँग्रेसच्या खालच्या सभागृहानं) 62 विरुद्ध 37 मतांनी वाटाघाटींची कागदपत्रं मागितली. तह करण्यात या सभागृहाला भूमिकाच नाही, असं सांगून वॉशिंग्टननी ती साफ नाकारली. पुढचे राष्ट्राध्यक्ष या नकाराचा दाखला देत आले.

आणि ‘पक्ष नव्हते’? तेव्हा प्रतिनिधीगृहात विरोधकांचं नेतृत्व करत होते मॅडिसन, ज्यांनी 1789मध्ये वॉशिंग्टन यांचं शपथविधीचं भाषण लिहून दिलं होतं. तह अमलात आणण्यासाठीचा पैसा 30 एप्रिल 1796ला याच सभागृहात 51 विरुद्ध 48 मतांनी कसाबसा मंजूर झाला. दोन मतं फिरली असती तर तोही मिळाला नसता.