कपाटात पडून असलेल्या कपड्यांवर जकात लागत नाही

रमजान जवळ आला की जकातीबद्दल, म्हणजे मुसलमानाने आपल्या मालातून द्यायच्या सक्तीच्या दानाबद्दल, एक मेसेज हमखास फिरतो: ‘ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही तिच्या किमतीवर अडीच टक्के जकात. जे वापरात आहे ते सगळं माफ. म्हणून अंगावरचे दागिने माफ, दुसरं घर मात्र हिशेबात. बँकेतली रक्कम वर्षभर जशीच्या तशी पडून असेल तरच जकात.’

लक्षात ठेवायला सोपा, एवढाच त्याचा गुण. जकात आधी माल कोणत्या प्रकारचा आहे ते पाहते: सोनं-चांदी, रोकड, विक्रीचा माल, ठरावीक गुरं, शेतीचं पीक. या यादीबाहेरची वस्तू रोज वापरा नाहीतर माळ्यावर धूळ खात ठेवा, तिच्यावर जकात नाही. मुसलमानावर त्याच्या घोड्याची आणि गुलामाची जकात नाही, ही हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. राहतं घर, भांडीकुंडी, गाडी, कारागिराची हत्यारं, अभ्यासाची पुस्तकं हे सगळं याच न्यायाने सुटतं.

मग ‘न वापरलेली वस्तू’ आली कुठून? जकात ज्या किमान मर्यादेपासून लागते तिला निसाब म्हणतात. सुन्नी फिकहच्या (धर्मकायद्याच्या) चार मसलकांपैकी, म्हणजे परंपरांपैकी, हनफी मसलकात निसाबाचा दुसराही एक हिशेब आहे. त्यात गरजेपेक्षा जास्तीचं सामान धरलं जातं, पण जकात आकारण्यासाठी नव्हे. जकात घ्यायला कोण पात्र नाही आणि फितरा (रमजान ईदचं दान), कुर्बानी कोणावर वाजिब (बंधनकारक) आहे, हे त्यावरून ठरतं. म्हणजे एखाद्याला जकात द्यावी लागत नाही आणि घेताही येत नाही, असं होऊ शकतं. मेसेजवाल्याने बहुधा हेच दोन हिशेब एकत्र कालवले आहेत.

दागिन्यांचं ‘सरसकट माफ’ तर निम्मंच खरं. शाफई, मालिकी आणि हंबली मतानुसार बाईच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा आपल्याकडे वाढणाऱ्या अनाथ भाच्यांच्या दागिन्यांवर जकात काढत नसत, हा त्यांचा एक आधार. हनफी मात्र अंगावरचं सोनंही मोजतात. त्यांच्या बाजूने अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस येते: मुलीच्या हातात सोन्याची जाड कडी पाहून पैगंबरांनी आईला विचारलं, याची जकात देतेस का? आई नाही म्हणाली. त्यावर आगीच्या कड्यांचा इशारा मिळताच तिने ती कडी तिथेच काढून दिली. तेव्हा आपला मसलक कोणता, हे पाहिल्याशिवाय ‘माफ’ म्हणू नये. हिरे-मोती विक्रीसाठी नसतील तर चारही मसलकांत सुटतात, कितीही महाग असोत.

आणि वजन करताना जपा. हनफी हिशेबात सोन्याचा निसाब साडेसात तोळे म्हणतात तो जुना तोळा, म्हणजे ८७.४८ ग्रॅम. हल्लीच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने मोजलं तर ७५ ग्रॅमवरच थांबाल.

दुसरं घर भाड्याने दिलं असेल तर घराच्या किमतीवर काही नाही. भाड्यातून जे शिल्लक राहील ते रोकडीत धरायचं. बंद ठेवलं असेल तरी काही नाही. विकायच्याच इराद्याने घेतलेलं असेल तर मात्र तो व्यापाराचा माल, आणि बहुतेक फकीहांच्या (धर्मकायद्याच्या जाणकारांच्या) मते दरवर्षी बाजारभावाने जकात. दुकानाचंही तसंच: फळ्या, काटा, यंत्रं सुटतात, फळीवरचा माल सुटत नाही.

शेतजमिनीची किंमतही धरत नाहीत. पिकावर मात्र उश्र, म्हणजे पिकाची जकात, आहे: पावसावरचं असेल तर दहावा हिस्सा, पाणी देऊन काढलेलं असेल तर विसावा. तिथे वर्ष भरायची वाट पाहायची नसते, कापणीलाच द्यायचा.

राहिली बँकेतली रक्कम. हनफी मतानुसार चांद्रवर्षाच्या दोन्ही टोकांना निसाब पुरा असला की झालं. मधे कमी झाली तरी चालतं, फक्त पार संपू नये. जकातीच्या तारखेच्या आठवडाभर आधी जमा झालेला पगारही त्यात येतो. शाफई आणि हंबली मतानुसार अशा नव्या कमाईचं वर्ष वेगळं मोजतात. त्या तारखेआधी जे खर्च झालं, त्याचा हिशेब कोणीच मागत नाही.