आषाढी, पाऊस आणि आमची छत्री

आज आषाढी. आई पहाटे दोनलाच उठली, आंघोळ केली आणि टीव्हीसमोर पाट मांडून बसली. विठ्ठलाची महापूजा बघायची आणि यंदा मानाचे वारकरी म्हणून रांगेतलं कुठलं जोडपं निवडलं तेही बघायचं. गुडघे धरल्यापासून तिची वारी एवढीच. अभिषेक सुरू झाला, बाहेर सरीने जोर धरला आणि पडद्यावर 'नो सिग्नल'. लाईट होती, बरं का!

डीटीएच कंपनीला, म्हणजे घरावर टीव्हीची छत्री (डिश) बसवून देणाऱ्यांना, फोन लावला. पलीकडचा म्हणतो, 'सर, मौसम खराब है.' अरे बाबा, साखळीत आषाढात दुसरं काय असणार? गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे छत्री विकताना ठाऊक नव्हतं?

शास्त्र मलाही कळतं. ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून केयू बँडचा सिग्नल येतो, लहर जेमतेम अडीच सेंटीमीटरची. पावसाचे टपोरे थेंब ती शोषतात, विखुरतात. केबलवाल्यांच्या मोठ्या छत्र्या सी बँड घेतात, ती लहर लांब, तिला पावसाचा तेवढा त्रास नाही. पण छत्री मोठी असली की सिग्नल जास्त गोळा होतो, पावसाने थोडा खाल्ला तरी चित्र टिकतं. मग कोरड्या मुलखात चालते तीच साठ सेंटीमीटरची छत्री आमच्या माथी का? नव्वदची द्या की! ढगफुटीत तीही आंधळी होईल, मान्य. आमच्या फणसाची फांदीही जरा आडवी येते. पण साध्या सरीलासुद्धा मान टाकायची?

मोबाईलवर बघा म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या वाड्यावर येऊन रेंज शोधून दाखवावी. आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईने तळहाताएवढ्या पडद्यावर विठोबाचं मुख कुठे शोधायचं?

मी फोनवर आवाज चढवला तर आईच मला म्हणाली, 'त्याला कित्याक बोलतोस रे, पोटासाठी बसलाय तो तिथे.' आणि माळ घेऊन हरिपाठ म्हणायला लागली. तक्रार नाही, काही नाही. पाऊस उणावला, चित्र आलं, तोवर पूजा आटपून मुख्यमंत्र्यांचा सत्कार चालला होता. जोडपं कुठलं ते कळलंच नाही.

तेव्हा राग निवळला होता. आता टाईप करताना परत चढतोय. अशा बिनतक्रार माणसांच्या जिवावरच यांचं चालतं. चार महिने अर्धामुर्धा टीव्ही दिसतो, रिचार्ज मात्र पुरा. एक दिवस उशीर झाला की चॅनल बंद, तिथे मौसम आड येत नाही!

एलएनबीची, म्हणजे छत्रीपुढच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीची, टोपी उडालीय, कनेक्टरला गंज चढलाय, फिटर 'येतो येतो' करतोय. साखळी-डिचोलीत कुणी नव्वदची छत्री बसवून घेतली असेल तर खर्च किती आला आणि बसवणारा कोण, ते इनबॉक्समध्ये कळवा. गणपतीच्या चवथीच्या आत काम व्हायला हवं.