जन्मतारीख दिली ना, मग वय काऊन विचारता?

एकच सांगा बाप्पा. फॉर्मच्या वरच्या रकान्यात जन्मतारीख लिहून घेतली, मग त्याच्याच खाली ‘वय: वर्षे, महिने, दिवस’ कशाले पाहिजे? तारीख तुमच्याजवळ, कॉम्प्युटर तुमच्याजवळ, अन् वजाबाकी आमच्या आबाजीनं करायची! त्याचा श्रावणबाळच्या पगाराचा, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचा, अर्ज एका दिवसाच्या फरकानं वापस. पासष्ट कधीचेच पूर्ण झाले, त्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही. अडलं ते दिवसाच्या रकान्यात.

अन् हा एक दिवस येतो कुठून, तेही पाहा. शाळेत शिकवलं होतं, दिवस कमी पडले की महिन्यातून ३० उसने घ्या. मोबाइल खरं कॅलेंडर पाहतो. ३१ जानेवारीला जन्मलेल्या पोराचं १ मार्चला वय किती? शाळेच्या रीतीनं १ महिना, ० दिवस. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी महिना भरला असं धरलं तर १ महिना, १ दिवस. एक्सेलमध्ये दोन तारखांतलं अंतर काढणाऱ्या डेटडिफ सूत्रात तर दिवस उणेसुद्धा येऊ शकतात, मायक्रोसॉफ्टनंच तशी सूचना देऊन ठेवली आहे. शिवाय जन्माचा दिवस मोजायचा का? १८७५ च्या सज्ञानता कायद्यात तो पूर्ण दिवस धरतात. सरकारी नोकरीत १ जुलैचा जन्म असलेले गुरुजी ३० जूनलाच रिटायर होतात. इतक्या रीती आहेत, पण खिडकीतल्या पोराले त्याच्या स्क्रीनवरचाच आकडा पाहिजे.

१ जुलैची तर वेगळीच बोंब. आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांचे दाखले काढा, जो तो १ जूनचा नाहीतर १ जुलैचा. पोरगं शाळेत आणलं, गुरुजीनं उंची पाहिली अन् तारीख ठोकून दिली. आबाजीच्या मोठ्या बहिणीले विचारलं तर ती सांगते, “पोयाच्या करीले झाला थो, त्या साली धोंडा होता.” हसू नका. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येतो. पोळा म्हणजे श्रावणातली अमावस्या, कर म्हणजे तिचा दुसरा दिवस, अन् साल धोंड्याचं, म्हणजे अधिक महिन्याचं. जुनं पंचांग घेऊन बसलं तर बुढीच्या त्या एका वाक्यातून खरी तारीख निघेल. पण ती दाखल्यावर नाही, म्हणजे तिले किंमत नाही. किंमत गुरुजीच्या अंदाजाले, अन् त्या अंदाजावरून वय काढायचं दिवसापर्यंत!

पुतण्या त्याच्याही पुढचा. त्याच्या मोबाइलमधलं अ‍ॅप आबाजीचं वय सेकंदात सांगते. दिवसाचे ८६,४०० सेकंद, ३१ वर्षं ८ महिने झाले की एक अब्ज. ठीक आहे रे लेका, पण जन्माचा महिना तरी खरा आहे का?

त्यापेक्षा एसटीचा कंडक्टर बरा. पासष्टच्या वर अर्धं तिकीट, पंचाहत्तर पूर्ण झाले की फुकट. आधारवरची तारीख पाहतो, तिकीट देतो, मोकळा. आबाजीले तो कधी महिने-दिवस विचारत नाही.

अन् आता नवा फॉर्म. सोमवारी भरला, लिंक नाही म्हणून बुधवारी जमा झाला, की लिहिलेलं वय पुन्हा दोन दिवसांनी चूक.