ठपका ठेवणे हे कोणाचे काम?

परभणीहून परळीकडे जाताना गंगाखेडजवळ गाडी गोदावरीवर आली की डब्यातली माणसे हात जोडतात, कोणी गंगेला नाणे वाहते. मी मात्र पुलाच्या खांबांकडे पाहतो. स्कॉटलंडमधील टे नदीवरील पुलाच्या चौकशीविषयी वाचल्यापासून मला ही सवय लागली आहे.

२८ डिसेंबर १८७९ च्या रात्री, वादळात, त्या पुलाचे मधले तेरा गाळे धावत्या गाडीसह नदीत कोसळले आणि गाडीतील एकही माणूस वाचला नाही. पूल खुला होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते. चौकशी तीन जणांकडे होती : जहाज-अपघातांच्या चौकशीचे आयुक्त रोथरी, रेल्वे निरीक्षक कर्नल योलंड आणि अभियंते बार्लो. खांब बिडाचे होते आणि त्यांना बांधणारे तिरपे पट्टे ज्या ओतीव कानांना, म्हणजे खांबांतून बाहेर काढलेल्या भागांना, जोडले होते, ते कान चाचणीत अपेक्षेपेक्षा फार कमी भाराला तुटले. वाऱ्याच्या दाबाचा वेगळा हिशेब आराखडाकार सर थॉमस बाउच यांनी केलाच नव्हता. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती देखभालीची हकीकत. पुलावर नेमलेला निरीक्षक वीट-दगडाच्या कामातला होता. पट्टे सैल होऊन खडखडताना त्याला आढळले, त्याने फटींत लोखंडाचे तुकडे ठोकले, आणि वर कोणालाही कळवले नाही. त्या माणसाला दोष देण्याआधी, लोखंडी पुलावर त्याला कोणी नेमले, हे विचारले पाहिजे.

कारणांवर तिघांचे बव्हंशी एकमत असूनही अहवाल दोन निघाले. दोष कोणाचा हे सांगणे आपल्या कक्षेत येत नाही, असे योलंड आणि बार्लो यांचे मत होते. रोथरींनी मात्र मुख्य जबाबदारी बाउच यांची असल्याचे स्पष्ट लिहिले, शिवाय ओतकाम करणाऱ्या कंत्राटदारालाही आणि सुचवलेल्या वेगापेक्षा जोरात गाड्या पळू देणाऱ्या कंपनीलाही सोडले नाही. शिक्षा न्यायालयाने द्यावी, हे मान्य आहे. पण ज्याने सगळ्या साक्षी ऐकल्या आहेत, त्यानेच नाव घेतले नाही, तर ते पुढे कोण घेणार? माझ्या मते रोथरींचेच बरोबर होते.

आमच्या भागातील एक पूल पुरात खचला, तेव्हाही समिती बसली होती. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या पानांवर ‘तांत्रिक त्रुटी’ एवढेच लिहिलेले आहे. ती त्रुटी आराखड्यात होती, बांधकामात होती की देखभालीत, आणि त्या कामावर सही कोणाची होती, हे विचारणारा दुसरा अर्ज मी सोमवारी दिला आहे.